नऊ नंबरचा डावा पंख

काकांच्या घरी भाड्याने राहायला मिळावं म्हणून मला परीक्षा द्यावी लागली होती. परीक्षेत एकच प्रश्न होता. त्यांनी फ्रिजमधून कढीचं पातेलं काढून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "ही कढी कधी केली, कोणी केली आणि कधीपर्यंत खायची, सांग." मी नागपूरची. आमच्याकडे पातेलं समोर आलं की वास घेऊन ठरवायचं, एवढंच मला माहीत. मी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हटलं, "आजचीच दिसते." काका खुर्चीतून उठलेच. "दिसते म्हणजे? झाकण वाचता येत नाही का?" झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: मंगळवार, १०.४०, सौ., बुधवार दुपारपर्यंत.

मी नापास झाले. पण आतून काकूंचा आवाज आला, "राहू द्या हो तिला. खाली खोली बघून येताना दिवा आठवणीने बंद केलान तिने." त्या एका गुणावर मला ओहायोतल्या डब्लिनमधलं ते बेसमेंट मिळालं. दोन हजार दोनचा मार्च होता. माझ्याबरोबर पुण्याच्या ऑफिसातून आलेल्या पाच जणांपैकी तिघांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि ते परतले होते. मी एका विमा कंपनीत कंत्राटावर होते आणि माझा व्हिसा त्या कंत्राटाच्या जिवावर होता. अशा वेळी डोक्यावर छप्पर मिळालं, मग ते कितीही विक्षिप्त माणसाचं असो, मी आनंदाने उडी मारली. पुढची साडेतीन वर्षं मी त्या घरात राहिले.

काका म्हणजे माझे नात्याने कोणी नव्हेत. मूळचे मिरजेचे, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ. मराठी मंडळात त्यांना तोंडावर काका आणि पाठीमागे विमानकाका म्हणत, कारण कुठल्याही विषयावरून ते तिसऱ्या वाक्याला विमानावर येत. दुसरी खोड म्हणजे लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. एका बारशाला त्यांनी पाळणा वाजवला आणि भर पाहुण्यांत जाहीर केलं, "डावीकडचा जोड उघडणार आहे." बाळाची आजी खास सोलापूरहून आलेली, तिला हे अपशकुनी बोलणं इतकं लागलं की ती केक न खाता उठून गेली. दुसऱ्या दिवशी काका चार क्लॅम्प आणि डिंकाची बाटली घेऊन त्यांच्या दारात हजर. पाळणा दुरुस्त करून दिला आणि त्याच्या पोटाखाली पेन्सिलीने तारीख, वेळ आणि सही करून आले. आजीचा राग गेला की नाही, मला माहीत नाही, पण पाळणा नंतर आणखी दोन बाळांना पुरला.

ओहायोच्या नंबरप्लेटवर तेव्हा, विमानाचा जन्म इथलाच, अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असे. काकांना ते वाक्य सोसत नसे. त्यांनी आपल्या जुन्या गाडीच्या मागे, प्लेटच्या बरोबर खाली, स्वतः रंगवलेली मराठी पट्टी लावली होती: जन्म इथला असेल, संस्कार जर्मनीत झाले. एकदा एका पोलिसाने गाडी थांबवून ही कुठली भाषा आणि काय लिहिलंय म्हणून विचारलं. काका त्याला रस्त्याच्या कडेला पाऊण तास समजावत होते. शेवटी पोलिसानेच "सर, मला आता जायला हवं" अशी विनवणी केली, असं काकू सांगत. काकूंच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असे, पण ही गोष्ट मला खरी वाटते.

बेसमेंटची आणखी एक अट होती. दर रविवारी सकाळी दोन तास मी काकांच्या हस्तलिखिताचं टायपिंग करायचं. ते हस्तलिखित म्हणजे एका छोट्या जर्मन विमान कंपनीचा समग्र इतिहास, मराठीतून. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तरी तुम्ही ते ऐकलेलं नसणार. मी पहिल्याच रविवारी विचारलं, "काका, मराठीत कशाला? जर्मनमध्ये लिहा, निदान इंग्लिशमध्ये." ते म्हणाले, "जर्मनांना हवा असता तर त्यांनीच लिहिला असता. अमेरिकनांना त्यांचंच पुरतं. राहिलं कोण? आपण." त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात होती. ती फोनवर म्हणायची, "डॅड, नोबडी इज गोइंग टू रीड इट." काका शांतपणे मराठीत उत्तर द्यायचे, "तू शिकलीस की तू वाचशील."

त्या काळात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं हे एक दिव्यच होतं. एका फॉन्टमध्ये लिहिलेलं प्रकरण दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळे चौकोन. काका प्रत्येक चौकोनाचा दोष मला देत. मग काकू वरून ओरडत, "हे विमानात बसले की मी कुकर लावते. उतरतील तेव्हा उतरतील, भात तरी मुरतो." काकू पुण्याच्या. चाळीस वर्षांत त्यांनी त्या इतिहासाचं एकही पान वाचलं नव्हतं पण त्यातली एकही गोष्ट त्यांना ठाऊक नाही असं नव्हतं.

ती कंपनी म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या एका डोंगराळ गावातली बंद पडलेली डेअरी होती. दुधाच्या टाक्या काढून टाकून तिथे अकरा माणसं लाकडाची, बिनइंजिनाची विमानं बनवत. ग्लायडर. नाकावर कंपनीची खूण म्हणून दुधाची किटली रंगवलेली. मिरजेहून शिकाऊ कामगार म्हणून गेलेले काका त्या अकरांतले एक. मालकाला ते "आमचा म्हातारा" म्हणत. हा म्हातारा कामावर कोणाशी बोलत नसे, पण कोणी जोड चिकटवायला घेतला की मागे येऊन उभा राही. "डिंकाला घड्याळ कळतं, तुमची घाई कळत नाही," हे त्याचं एकमेव वाक्य काकांनी इतिहासात सतरा वेळा लिहिलं होतं. मी तेरा ठिकाणी गाळलं, त्यांनी तेरा ठिकाणी परत घातलं. दहाएक वर्षांत कंपनीने चौदा विमानं केली. मग फायबरग्लासची विमानं आली. म्हातारा म्हणाला, प्लास्टिकला मी हात लावणार नाही, आणि डेअरीला कुलूप लागलं. काका अमेरिकेत आले.

चौदापैकी तेरा विमानांचं पुढे काय झालं, ते काकांना तोंडपाठ होतं. एक हँगरच्या आगीत गेलं. एकाच्या धडाचं एका शेतकऱ्याने कोंबड्यांचं खुराडं केलं. एक कुठल्याशा बिअरच्या हॉटेलात छताला टांगलेलं. फक्त नऊ नंबरचा पत्ता नव्हता. ते तिथल्या तळावरच्या एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने घेतलं होतं आणि बदली झाल्यावर खोक्यात भरून मायदेशी नेलं होतं. काका दर जानेवारीत देशभरातल्या ग्लायडर क्लबांना पत्रं पाठवत. उत्तरं फारशी येत नसत. इतिहासाचं प्रत्येक प्रकरण एकेका विमानावर होतं आणि नववं प्रकरण सोडून बाकी सगळी वीस-वीस पानांची. नववं एका पानाचं. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते म्हणाले, "ते शेवटी करू."

ते प्रकरण मला कळलं ते माझ्याच चुकीमुळे. माझ्या एका प्रोग्रॅमने लोकांच्या पत्त्यातले फ्लॅट नंबर एकमेकांत मिसळले आणि दोन दिवसांची पत्रं चुकीच्या दारांत गेली. मला ते कळलं तेव्हा मी प्रोग्रॅम गुपचूप दुरुस्त केला आणि गप्प बसले. शुक्रवारी मी वर जेवायला असे. जेवताना मी हा पराक्रम काकाकाकूंना हसत हसत सांगितला.

काकांनी विचारलं, "मॅनेजरला सांगितलंस?"

"कशाला, काका? फिक्स केलंय ना मी. कोणाला कळणार पण नाही. सांगितलं तर एक्स्टेन्शन कॅन्सल करतील, मग व्हिसा गेला. बॅग भरायची आणि नागपूर."

"आणि ज्यांची पत्रं दुसऱ्याच्या दारात पडली त्यांचं काय?"

"ते बघतील ना यार," मी म्हटलं आणि जीभ चावली. काकांना आजवर कोणी यार म्हटलं नसावं.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला आणि काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "सांगा. इतकी वर्षं मी एकटीच ऐकतेय."

डेअरीत दुधापासूनच केलेला डिंक वापरत. त्याची पूड पाण्यात कालवायची, वेळ खडूने भांड्याच्या झाकणावर लिहायची, आणि चार तास झाले की उरलेला डिंक टाकून द्यायचा, कितीही उरला असो. त्यात वरून पाणी घालायचं नाही, हा पहिला नियम. एका शुक्रवारी म्हातारा दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. काका नऊ नंबरच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला पातळ प्लायवुड चिकटवत होते. सकाळी नऊला कालवलेला डिंक दुपारी तीनला घट्ट झाला. अर्धं भांडं शिल्लक होतं.

"आता मी कुठल्या घरातला?" काका म्हणाले. "आमच्या घरात दुधाचा थेंब कोणी सांडला तर आई दिवसभर बोलायची. पंगत वाढली की आमटीत तांब्याभर पाणी, ताक घट्ट झालं की पाणी. दुधाचाच तर डिंक, मी कोमट पाणी ओतलं आणि ढवळलं. कसा छान सारखा झाला, चकाकायला लागला. मी खूष. राहिलेली सगळी कड उरकून टाकली."

सोमवारी म्हाताऱ्याने पंखावरून हात फिरवला आणि विचारलं, हा डिंक कधी कालवलेला? काका म्हणाले, शुक्रवारी दोनला. म्हाताऱ्याने वहीत दोन लिहिलं आणि पुढे गेला.

"खरं का नाही सांगितलंत?"

"अगं, माझा राहायचा परवाना त्या नोकरीवर होता. तुझ्यासारखंच. मिरजेला अख्ख्या गल्लीने हार घालून पाठवलेलं. परत कुठल्या तोंडाने जाणार होतो? वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग विमान विकलं गेलं. मग म्हातारा वारला. आता मी कोणाला सांगू? त्या पंखाच्या आत अजून माझा पाणी घातलेला डिंक आहे, आणि कोण त्यात बसतंय ते मला माहीत नाही."

फ्रिजमधल्या त्या झाकणांना मी वर्षभर हसत होते. काकूंच्या कढीवर वेळ लिहिणारा माणूस काय करत होता, ते मला त्या जेवणात कळलं. दर जानेवारीची ती पत्रं इतिहासासाठी नव्हती.

सोमवारी मी मॅनेजरकडे गेले. ज्यांची पत्रं चुकली होती त्यांची यादी करून नेली होती, हीसुद्धा काकांचीच सूचना. ती बाई माझ्यासाठी खुर्ची ओढून म्हणाली, "चल, फोन लावू या." दोन दिवस आम्ही फोन करत होतो. एका आजोबांनी मला भरपूर झापलं. माझ्या एक्स्टेन्शनचा निर्णय महिनाभर लांबला आणि त्या महिन्यात माझं वजन घटलं, पण नोकरी राहिली. आज माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत आणि त्यांच्यातलं कोणी चूक सांगायला आलं की मी आधी खुर्ची पुढे करते. हे मी त्या घरात शिकले. काकांचे उपकार मोजायला बसले तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

नऊ नंबर सापडलं ते मात्र मला. दोन हजार चारच्या वसंतात, ग्लायडरवेड्या लोकांच्या एका वेबसाइटवर. एक पिवळं-पांढरं विमान, नाकावर दुधाची किटली, आणि खाली लिहिलेलं की वडिलांचं जुनं जर्मन ग्लायडर सहा वर्षं खपून दुरुस्त केलंय, जूनमध्ये पहिलं उड्डाण. जागा आमच्यापासून गाडीने दीड तासावर. काका इतकी वर्षं अलास्कापर्यंत पत्रं पाठवत होते आणि विमान पश्चिम ओहायोतल्या एका मक्याच्या शेतावरच्या कोठारात पडून होतं.

मी धावत वर गेले. मला वाटलं होतं काका नाचतील. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि ते खाली बसले. "जूनमध्ये उडवणार?" एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

त्या अधिकाऱ्याच्या मुलीचं नाव कॅरल. साठीची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. हे एक विमान उडवता यावं म्हणून पंचावन्नाव्या वर्षी ग्लायडर शिकलेली. काकांनी फोन केला तेव्हा ती आनंदाने किंचाळली, मला बाजूला बसून ऐकू आलं. काका म्हणाले, "मी येईपर्यंत उडवू नका." ती म्हणाली, "अहो, तुमच्याशिवाय कसं उडवीन? तुम्ही तर प्रमुख पाहुणे!" फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "असलं काही फोनवर सांगता येत नाही."

जूनमधल्या उड्डाणाच्या शनिवारी मी ड्राइव्ह करत होते. काका शेजारी बसून एकच इंग्रजी वाक्य पुटपुटत होते. मागे काकू धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन. मध्येच त्यांनी विचारलं, "आणि तिने ऐकलं नाही तर?"

"तर मी विमानाच्या चाकापुढे आडवा होईन," काका म्हणाले.

"व्हा. पण आधी कोट काढून माझ्याकडे द्या. तो नवा आहे."

तिथल्या ग्लायडर क्लबात पोचलो तर वीसेक माणसं जमलेली. हँगरच्या दारावर स्वागताचं कापड, टेबलावर विमानाच्या आकाराचा केक. काका आत शिरले तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता हे नाही सांगू शकणार. कॅरलने त्यांचा हात धरून त्यांना विमानापाशी नेलं. विमानावर ताणलेलं कापड तिने हाताने शिवलं होतं, रंगाचे सात थर दिले होते. काका तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी गाडीत घोटलेलं वाक्य म्हटलं. त्याचा अर्थ असा होता: मी हे विमान बनवणारा म्हणून आलेलो नाही, बिघडवणारा म्हणून आलोय.

पुढचं त्यांनी न घोटता सांगितलं. डिंक, पाणी, म्हाताऱ्याचा प्रश्न, खोटं उत्तर, सगळं. क्लबचा मेकॅनिक म्हणाला, "मी तपासलंय. सगळे जोड चांगले आहेत. सही केलीय मी कागदावर." काका म्हणाले, "बाहेरून चांगला दिसावा असाच केला होता मी. प्लायवुड कापून आत बघा." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि काहीही न मोजता पंखाच्या त्या नव्या पिवळ्या रंगावर दोन खुणा केल्या. "इथून इथपर्यंत."

कॅरल हँगरच्या बाहेर गेली. पंख कापायचा म्हणजे तो उन्हाळा गेला, कदाचित पुढचाही. ती मक्याच्या शेताकडे तोंड करून उभी राहिली. आत काका पेन्सिल हातात धरून तसेच उभे होते आणि त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि त्यांची इतकी कीव आली की मी काकूंचा हात धरला.

कॅरल परत आली आणि मेकॅनिकला म्हणाली, "काप."

त्याने तळहाताएवढा चौकोन कापला. टॉर्च आत धरला, एक पातळ पातं जोडात सरकवलं आणि हलकेच उचललं. प्लायवुड आवाजसुद्धा न करता सुटं झालं. आत डिंक नव्हताच, पांढरी भुकटी होती. मेकॅनिक हँगरच्या जमिनीवर बसला. नंतर तो म्हणाला की जोरात वळण घेतलं असतं तर पंख पिळवटून तुटला असता. आतल्या लाकडावर पेन्सिलीचं अक्षर अजून स्पष्ट होतं. देवनागरीत काकांची सही, शुक्रवारची तारीख आणि वेळ, दोन वाजता.

"खोटंय ते," काका मराठीत म्हणाले. कोणाला उद्देशून, ते त्यांनाच ठाऊक.

कॅरलने विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पंचेचाळीस वर्षं."

"बाबा यात चार उन्हाळे उडाले. मी खाली गवतात बसून बघायचे." तिने त्या भोकावर हात ठेवला. "तुम्हीच परत चिकटवाल?"

"मी? माझ्यावर विश्वास ठेवणार तुम्ही?"

"हा जोड तुमच्याइतका जगात कोणी लक्षात ठेवलेला नाही," कॅरल म्हणाली.

केक मात्र कापला गेला. तो काकूंनी कापला, आणि पहिला तुकडा त्या जमिनीवर बसलेल्या मेकॅनिकला नेऊन दिला, सोबत एक धपाटं.

पुढचं वर्षभर दर शनिवारी आम्ही तिकडे जात होतो. काका मेकॅनिकला जर्मन पद्धत शिकवत, मेकॅनिक काकांना नवा, दुधाशी संबंध नसलेला डिंक शिकवी, आणि मी क्लॅम्प धरून उभी. थंडीत माझी बोटं बधिर होत. एकदा पाच मिनिटं जास्त झाली म्हणून काकांनी भरलेलं भांडं टाकून दिलं. मेकॅनिक म्हणाला, पाच मिनिटांनी काही होत नाही. काका म्हणाले, "होत नसेल. टाका." वेळ लिहिताना ते आता मला घड्याळ वाचायला लावत आणि मी सांगीन तीच लिहीत.

इतिहास पुरा झाला. नववं प्रकरण सगळ्यांत लांब आहे आणि त्यात काकांनी स्वतःला जराही सोडलेलं नाही. झेरॉक्सच्या दुकानात चाळीस प्रती काढल्या. मंडळात वाटल्या. किती जणांनी वाचल्या, माहीत नाही. त्यांच्या मुलीने मराठी शिकायला घेतलं ते काका गेल्यावर, दोन हजार आठमध्ये. मी तोवर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला आले होते. तिने मला फोनवर पहिलं पान अडखळत वाचून दाखवलं. त्या घराने मला छप्पर दिलं, शुक्रवारचं जेवण दिलं, आणि घाबरलेलं असतानाही खरं बोलता येतं हे दाखवलं. आईवडिलांनंतर एवढं मला कोणी दिलेलं नाही, आणि हे मी काकांना हयातीत नीट सांगितलं नाही याची चुटपुट आहे.

नऊ नंबर उडालं ते दोन हजार पाचच्या जूनमध्ये, भर दुपारी. या वेळी स्वागताचं कापड नाही, केक नाही. कॅरल आत बसली, काच बंद झाली, ग्लायडर वर ओढून नेणाऱ्या छोट्या विमानाने दोर ताणला. काकूंनी देवाचं नाव घेतलं. चाक गवतावरून सुटलं आणि त्याच क्षणी काकांनी आकाशाकडे पाठ केली. हँगरच्या भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात पत्र्यावर टेकवून ते उभे राहिले.

"काका, बघा ना! वर जाऊन दोर सोडला तिने. कसलं मस्त जातंय!"

"मी नाही बघणार. तू बघ आणि मला सांग." मग थोड्या वेळाने, "वळली का?"

"वळतेय."

"डावीकडे?"

"हो, डावीकडे."

त्यांनी डोळे मिटले. "पंख?"

"आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही, काका."

कॅरल वीस मिनिटं वर होती आणि वीस मिनिटं ते मला तेच विचारत होते. तिने शेताला फेरी घातली, दोन्ही आहेत ना. ती ढगाखाली लहानशी झाली, दोन्ही आहेत ना. माझी मान दुखायला लागली, डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मी दर वेळी नीट बघून, मोजून उत्तर दिलं, कारण अंदाजाने दिलेलं उत्तर त्या माणसाला चाललं नसतं. मग विमान खाली आलं, गवताला टेकलं, घसरत घसरत थांबलं आणि थांबलेल्या ग्लायडरचा नेहमी कलतो तसा एक पंख हलकेच जमिनीवर कलला. काच उघडून कॅरलने हात वर केला.

"उतरली," मी म्हटलं.

काका लगेच वळले नाहीत. पत्र्यावर टेकलेले हात त्यांनी खाली घेतले, कोटाला पुसले, आणि हळूहळू आकाशाकडे तोंड केलं. आकाश रिकामं होतं. ते बराच वेळ त्या रिकाम्या आकाशाकडे बघत उभे राहिले.